साखर कमी हाय

"अरे, पिक्चर चालू कवा व्हनार?" मागून कुणीतरी ओरडलं आणि सगळं सभागृह खिदळलं.

पिक्चर सुरू होऊन बराच वेळ झाला होता. पडद्यावर दामू खाटेवर बसून बशीतला चहा फुंकत होता. एवढंच. त्याची बायको चंद्रा पहिल्या रांगेत बसली होती. राहनाळच्या गोदामात ती खोकी भरते. आज खाडा करून आली होती. काही महिन्यांपूर्वी भाविका नावाची मुलगी कॅमेरा घेऊन त्यांच्या घरी राहिली, हा पिक्चर तिचा. तो पुरा होण्याआधीच दामू छातीच्या दुखण्यानं गेला. आज चंद्रा त्याला पुन्हा हलताना बघत होती.

दामूनं पाठ खाजवली. शिट्ट्या पडल्या. शेजारच्यानं गुटख्याची पिंक टाकली, तिचे शिंतोडे चंद्राच्या पायावर उडाले. मागच्या दारानं मटणाचा वास येत होता. नुसती गिळायला आलेली माणसं!

"चंद्रे, साखर कमी हाय गो," पडद्यावर दामू म्हणाला. तिच्या ओठांवर उत्तर आलं, आणि दिवे लागले.

गोदामांचे मालक केसरीनाथशेठ शाल घेऊन समोर उभे होते. सोहळा त्यांनीच ठेवला होता.

"बस झाला. मानूस चाय पितो, याला काय पिक्चर बोलतात? आक्का, ऊठ. फोटो काढू, मंग सगली जेवाय चला."

शालीला अत्तराचा उग्र दर्प होता. चंद्रानं तोंड फिरवलं, वाकून पदरानं पाय पुसला.

"शाल नको. माझा मानूस बोलत व्हता शेठ. मधीच बंद केलाव."

"अगो, पब्लिक कंटालली..."

"पब्लिकला न्या जेवाय. मना बघाचा हाय."

शेठ शाल घेऊन बाजूला झाले. माणसं खुर्च्या ढकलत जेवणाकडे पळाली.

डोळे पुसत भाविका जवळ आली. "मावशी, पहिल्यापासून लावू?"

"नको. म्होरचा लाव."

दिवे गेले. दामूनं बशी खाली ठेवली, पायात चपला सरकवल्या आणि तो दारातून बाहेर गेला. कॅमेरा मात्र हलला नाही.

"परत येतो का?"

"नाही, मावशी."

बाहेर ताटांचा आवाज चालला होता. पडद्यावर, तो बसला होता तिथं दबलेली गोधडी हळूहळू वर येत होती. चंद्रा बघत राहिली.