सव्विसावी भेग

गवंड्याने खडकाच्या भेगेत दोन बोटं घातली, तशी लेकीने त्याचं मनगट धरून हात मागे ओढला.

"बाबा, आधी टॉर्च. बोटं नाही घालायची."

"भेगा बुजवूनच तुला वाढवलं," तो म्हणाला. पण टॉर्च घेतली.

तिचा सहकारी तापाने आडवा झाला होता, म्हणून बाप सोबतीला आला होता. लेक विंचवांवर संशोधन करते, हे सांगायची वेळ आली की तो चारचौघांत "विज्ञानात आहे" एवढंच म्हणे. विंचू दिसला की चप्पल काढायची, यापलीकडे त्याचा या प्राण्याशी संबंध आला नव्हता.

पण या टेकडीवरचा विंचू निराळा निघाला. करंगळीच्या दोन पेरांएवढा, खडकाच्याच रंगाचा, आणि असा चपटा, जणू कुणी थापीने दाबून बसवलाय. तो बीळ करत नसे, सुट्या दगडाखाली राहत नसे. उभ्या कड्यातल्या अरुंद भेगा, तेवढंच त्याचं जग. पहिला नर दाखवला तेव्हा गवंडी बराच वेळ वाकून बघत राहिला.

"इथे दुपारचं ऊन येत नाही," तो म्हणाला. "वरून पाणी आलंच तर या पुढे आलेल्या दगडावरून बाजूला जाईल. आत सरड्याचं तोंडही शिरायचं नाही. याला हे कोणी शिकवलं?"

"कोणीच नाही."

"चाळीस वर्षं भिंती बांधल्या. इतकी चोख जागा मला एकदाही साधली नाही."

त्यानंतर तोच पुढे झाला. ही रुंद आहे, इथे नसेल. ती बघ, असं नुसत्या नजरेने सांगू लागला, आणि बहुतेकदा खरं ठरलं. लेक वहीत भेगेचा क्रमांक, रुंदी, दिशा लिहीत गेली. सगळे नरच. ही जात अजून कुणी नोंदवली नव्हती. मादीचा नमुना बाटलीतल्या अल्कोहोलमध्ये पडल्याशिवाय शोधनिबंध पुरा होणार नव्हता, आणि तीन वर्षांत एकही मादी हाती लागली नव्हती.

सव्विसाव्या भेगेशी गवंडी गुडघ्यांवर बसला. आत टॉर्च धरली आणि आणखी खाली वाकला.

"आहे का?" लेकीने वरच्या कपारीतून विचारलं.

त्याने टॉर्च विझवली. रुमालाने कपाळ पुसलं.

"रिकामी आहे."

तिने तसं लिहिलं.

उतरताना अर्ध्या वाटेत तो बुटातला खडा काढायला बसला.

"विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, ते पिल्लांवरूनच का गं?"

"हो. जन्मली की आईच्या पाठीवर चढतात."

"आणि उतरतात कधी?"

"दहा-बारा दिवसांनी. पहिली कात टाकली की."

"तोवर आईला काही झालं तर?"

"मग तीही वाचत नाहीत."

गवंडी बुटाची नाडी बांधू लागला. नाडीला फार वेळ लागला. लेक त्याच्या वाकलेल्या पाठीकडे पाहत उभी राहिली. मग तिने वही काढली. सव्विसाव्या ओळीत 'रिकामी' होतं. ते तिने खोडलं नाही. शेजारी फक्त एक तारीख टाकली, पंधरा दिवसांनंतरची.

"चला," ती म्हणाली. "सावकाश उतरा."