गोड्या पाण्याची विहीर

धाकटी पाण्याच्या प्रयोगशाळेत नोकरीला होती. तिने स्वतःच्या पसंतीने लग्न केलं तेव्हापासून अप्पांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, तिचं नाव टाकलं होतं. खाडीकाठचं माहेर बसने अर्ध्या दिवसावर, पण ती पुन्हा तिकडे फिरकली नव्हती.

एक दिवस वहिनी बाटली घेऊन आली. घरच्या विहिरीचं पाणी होतं. बागेतली पानं कडेने करपत होती आणि कारण कळत नव्हतं. अप्पांना हे माहीत आहे का, असं धाकटीने विचारलं. त्यांनीच बाटली विसळून भरून दिली, वहिनी म्हणाली. फक्त कुठे नेतेस ते विचारलं नाही.

लहानपणी खेळून आलं की त्याच विहिरीवर ओंजळ धरायची आणि पोट डब्ब होईपर्यंत प्यायचं. तसं पाणी धाकटीला पुन्हा कुठे मिळालं नव्हतं.

तिने परीक्षानळीत पाणी घेतलं, नायट्रिक आम्लाचे थेंब टाकले, मग सिल्व्हर नायट्रेट. थोडं क्लोराइड, म्हणजे मिठाचा अंश, सगळ्याच पाण्यात असतं, त्याने नळी जराशी दुधाळते. इथे दह्यासारखा साका धरला. नळीच खारट असेल म्हणून तिने दुसरी नळी डिस्टिल्ड पाण्याने धुऊन पुन्हा करून पाहिलं. तेच. अमोनिया घातल्यावर साका विरघळला, म्हणजे तो क्लोराइडचाच होता, आणि शंकेला जागा उरली नाही. विहिरीत समुद्र शिरला होता.

तिने वहिनीला फोन लावला. वहिनीने तो मुकाट्याने अप्पांच्या हातात दिला.

“बोला बाई, काय निघालं?” आवाज ओळखूनही अप्पांनी परक्यासारखं विचारलं.

तिनेही सरकारी सुरात सांगितलं, की पाणी खारं झालंय, पंप कमी चालवा, पावसाचं पाणी मुरू द्या. बरं, म्हणून अप्पांनी फोन ठेवला.

पुढे बाटल्या येत राहिल्या. फोन लांबावा म्हणून धाकटी न विचारलेलं सल्फेट आणि लोहही सांगू लागली. अप्पाही “लोह म्हणजे?” विचारू लागले, आणि जन्मभर पहार चालवलेल्या माणसाला ती लोह म्हणजे लोखंड हे सावकाश समजावून सांगायची.

मग वहिनीची पाठ धरली. अप्पांचा पहिल्यांदाच स्वतःहून फोन आला. बाटली आणायला कोणी नाही, ते म्हणाले.

“मी येऊन नमुना घेऊ का?”

“ये की. विचारतेस काय?”



सुट्टीच्या दिवशी ती गेली. विहिरीतून दोरीने बाटली वर काढली. तपासायला नळीही लागली नाही, जिभेवरच खार कळला. स्वयंपाकघरात विकतच्या पाण्याचा कॅन होता. अप्पांनी त्यातलं तांब्याभर पाणी स्वतः आणून दिलं. त्याला कसलीच चव नव्हती. ती सगळं प्यायली.

आणखी हवंय का, अप्पांनी विचारलं. ती हो म्हणाली.