ज्याचा त्याने खोडायचा

निवडणूक जाहीर व्हायला अजून आठवडा होता, पण पक्षाच्या कार्यालयात खुर्च्या आत्ताच कमी पडायला लागल्या होत्या. चार वर्षं इथे काळं कुत्रं फिरकत नाही आणि प्रांताची निवडणूक तोंडावर आली की जो तो 'आम्ही पहिल्यापासून पक्षाचे' म्हणत खुर्ची अडवून बसतो. कार्यालय म्हणजे तरी काय, बंद पडलेलं कापडाचं दुकान. गल्ल्याच्या फळीवर कापड मोजायची पितळी पट्टी अजून ठोकलेली होती आणि त्याच फळीवर उमेदवाराच्या हसऱ्या फोटोंचे गठ्ठे रचून ठेवले होते. समोरच्या पक्षातून फुटलेले सातजण सकाळीच इकडे दाखल झाले होते. कालपर्यंत त्यांना चोर म्हणणारे आज त्यांना चहा विचारत होते. नाना कोपऱ्यातल्या टेबलाशी बसून हे सगळं बघत होते. त्यांना राग आला नाही, हसूही आलं नाही, नुसता कंटाळा आला.

नाना कधी उमेदवार नव्हते आणि होणारही नव्हते. छापखान्यात मुद्रितं तपासण्यात त्यांची चौतीस वर्षं गेली. पक्षातही वाट्याला आलं ते तसलंच काम, मतदारयादीचं. त्या भागातली अकरा हजार नावं. कोण घर बदलून गेलं, कोणाची मुलगी लग्न होऊन गेली आणि कोण कायमचं गेलं, हे नानांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. भाषणं ठोकणारे पुढे गेले, घोषणा देणारे त्यांच्या मागोमाग गेले, नाना यादीपाशीच राहिले.

हे काम ते एकट्याने करत नव्हते, ही गोष्ट मात्र पक्षात दोघातिघांनाच ठाऊक होती. समोरच्या पक्षाची यादी ज्यांच्याकडे असायची ते चष्मेवाले. त्यांचं चष्म्याचं दुकान होतं म्हणून सगळे तसंच म्हणायचे. सरकारी यादीत मेलेली माणसं वर्षानुवर्षं तशीच राहतात आणि मतदानाच्या दिवशी त्यांच्या नावावर कोणीतरी बोटाला शाई लावून जातं. हे दोघांनाही खपत नसे. म्हणून दर निवडणुकीआधी एका रविवारी दुपारी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढून दोघं आपापली यादी घेऊन बसायचे. नियम एकच होता, ज्याचा त्याने खोडायचा. गेलेला माणूस नानांच्या पक्षाचा असेल तर नाना आपल्या यादीत त्याच्यावर लाल पेन्सिलीने रेघ ओढणार आणि चष्मेवाले शेजारी समासात सही करणार. त्यांचा असेल तर उलट. दुसऱ्याच्या माणसाला हात लावायचा नाही. कोणाचे नाहीत असे मेलेले अर्धे अर्धे वाटून घ्यायचे.

"तुमचे यंदा फार गेले हो," चष्मेवाले म्हणायचे.

"आमचे निदान गेल्याचं कळतं. तुमच्यात जिवंत कोण आणि गेलेला कोण, ओळखूच येत नाही," नाना म्हणायचे.

सात निवडणुका हे चाललं. सात निवडणुकांत दोघं एकमेकांना अहो-जाहोच करत राहिले. एकाची रेघ आणि दुसऱ्याची सही असलेल्या त्या याद्या निवडणूक कचेरीत गेल्या की तिथल्या बाई डोळे झाकून ती नावं वगळायच्या. घरोघर माणूस पाठवायची गरजच पडायची नाही. चार महिन्यांपूर्वी चष्मेवाले गेले.

"मामा, एवढं बघून द्या," म्हणत भाच्याने नानांच्या टेबलावर दोन कागद ठेवले. भाचा म्हणजे नानांच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा. या भागाची सगळी सूत्रं यंदा त्याच्याकडे होती. गेल्या वेळी त्र्याण्णव मतांनी सीट गेली होती. यंदा गेली तर आपलं राजकारण संपलं, हे तो स्वतःच दिवसातून दहादा सांगत होता. डोळे खोल गेले होते आणि शर्टाची कॉलर दोन दिवसांची होती.

नानांनी पेन्सिल घेतली. कागद तपासताना अर्थाकडे बघायचं नाही, ही त्यांची जुनी शिस्त. अर्थात गुंतलं की चूक निसटते. नाव, वय, घर क्रमांक. नाव, वय, घर क्रमांक. पेन्सिल खाली सरकत गेली आणि प्रत्येक ओळीपुढे बरोबरची खूण पडत गेली. एका ठिकाणी वय अडुसष्ट दिलं होतं, ते खोडून त्यांनी एकाहत्तर केलं आणि खूण केली. मग पेन्सिल थांबली. ते वय चष्मेवाल्यांचं होतं. त्यांनी वर पाहिलं. दोन ओळी वर नानांच्या स्वतःच्या बहिणीचं नाव होतं, त्याच्यापुढेही बरोबरची खूण होती. आपल्याच हातची.

"हे सगळे गेलेले आहेत," नाना म्हणाले.

"तेच तर बघायचं होतं. सगळे नक्की गेलेत ना? जिवंत माणूस केंद्रावर येऊन उभा राहिला तर आपली पंचाईत."

"म्हणजे यांच्या नावावर..."

"हळू बोला, मामा." भाचा खुर्ची ओढून जवळ बसला. "आणि यंदा ती मेलेल्यांची यादी कचेरीत द्यायची नाही. तुमचे चष्मेवालेही आता नाहीत. कोण विचारतंय?"

"त्यांचं नाव आहे यात."

"असणारच. गेलेत ना?"

"चाळीस वर्षं त्या माणसाने आपल्या विरोधात मत दिलं. आता मेल्यावर आपल्याला देणार?"

"ते कुठे देतायत? दुसराच कोणी देणार."

"एवढं एक नाव काढ."

भाच्याने दोन्ही हातांनी तोंड पुसलं. "एक काढलं की दुसरा येणार, माझ्या आजोबांचं काढा म्हणून. माझ्या आईचं नाव आहे त्यात, मामा. मी काढलं का?"

बहिणीला जाऊन दोन वर्षं होत आली होती. पोरगा खोटं बोलत नव्हता आणि मजेत तर मुळीच नव्हता. नानांना वाईट वाटलं ते याचंच. त्याला शिव्या घालता आल्या असत्या तर बरं झालं असतं.

घरी आल्यावर त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती आणि घडी मोडू न देता ऐकत होती.

"मग काय करणार?" तिने विचारलं.

"काय करणार? भाचा आहे."

"ते मला माहीत आहे. मी चष्मेवाल्यांचं विचारतेय."

आपण आता फार थकलो आहोत आणि या वयात कोणाशी वाकडं घ्यायची ताकद उरलेली नाही, हे नानांना तिला सांगायचं होतं. पण तिला ते दिसतच असणार. मग त्यांनी मनाशी एक तोडगा काढला. बाकीच्या नावांचं जे व्हायचं ते होऊ दे, आपण डोळेझाक करू. फक्त एका नावाचा अर्ज गुपचूप कचेरीत टाकायचा. एका मताने भाच्याचं काही बिघडत नाही. नावं वगळायच्या अर्जांची मुदत परवा पाच वाजेपर्यंत होती.

दुसऱ्या दिवशी ते मृत्यूच्या दाखल्याची प्रत मागायला चष्मेवाल्यांच्या दुकानात गेले. त्यांच्या पत्नी, नानांच्या वहिनी, फ्रेमांच्या पेट्या बांधत होत्या. दुकान विकायला काढलं होतं. भिंतीवर डोळे तपासायचा तक्ता तेवढा राहिला होता, वर मोठी अक्षरं आणि खाली बारीक होत गेलेली. नाना सवयीने शेवटच्या ओळीपर्यंत वाचून गेले.

"भाऊजी, बरं झालं आलात. मी निरोप पाठवणारच होते," वहिनी म्हणाल्या. दाखल्याबरोबर त्यांनी यादीची जाड वही पुढे केली, तिला दोऱ्याने लाल पेन्सिल बांधलेली. "शेवटच्या आठवड्यात उशीला टेकून हेच करत बसायचे. मी म्हटलं, आता तरी सोडा. तर म्हणाले, नाना रविवारी येतील, काम अर्धं दिसायला नको."

त्या रविवारी नाना गेले नव्हते. पक्षाचा मेळावा होता, खुर्च्या मोजायच्या होत्या. त्यांनी वही घेतली, पण उघडून बघायचा धीर झाला नाही.

मुदतीच्या दिवशी दुपारी निघताना बायकोने त्यांच्या हातात पिशवी दिली. "दोन्ही याद्या ठेवल्यात. द्यायची ती द्या."

"मला एकच अर्ज द्यायचाय."

"मग परत आणा. जड नाहीत."

कचेरीत शुकशुकाट होता. खिडकीमागच्या बाईंनी नानांना ओळखलं आणि त्यांच्या मागे दुसरं कोणी आहे का, म्हणून पाहिलं. मग चष्मेवाले गेल्याचं त्यांना आठवलं असावं. त्यांनी अर्ज घेतला.

"एकच?"

"एकच."

"यादीतला अनुक्रमांक लिहिला नाहीत."

अकरा हजार नावं तोंडपाठ असलेला माणूस, आणि नेमका हा क्रमांक आठवेना. नानांनी बाकावर बसून दोरा सोडला आणि वही उघडली. पानांमागून पानं लाल रेघांची होती. चष्मेवाल्यांच्या पक्षाचे एकशे अठरा गेलेले, सगळे नियमाने खोडलेले. पुढे पुढे रेघ थरथरत गेली होती. समास मात्र कोरा होता, नानांच्या सहीसाठी सोडलेला. मग ते पान आलं. चष्मेवाल्यांनी स्वतःचं नाव खोडलं होतं. रेघ वाकडी होती, मधे एकदा पेन्सिल उचलून पुन्हा टेकवलेली दिसत होती, पण शेवटच्या अक्षरापर्यंत गेली होती. शेजारचा समास इथेही कोरा होता.

या माणसाने मरण्याआधी स्वतःचं नाव खोडलं, ते आपण रविवारी येऊ या भरवशावर. आणि आपण इथे एक अर्ज लपवून घेऊन आलोय. नानांना स्वतःची लाज वाटली.

त्यांनी पहिल्या पानापासून सह्या करायला सुरुवात केली. एकशे अठरा, आणि सगळ्यांत शेवटी ते एक. मग पिशवीतून आपली यादी काढली. त्यातली नावं त्यांनी महिन्याभरापूर्वीच खोडून ठेवली होती, एक सोडून. बहिणीच्या नावापर्यंत येऊन दोन वेळा हात मागे घेतला होता. आता त्यांनी चष्मेवाल्यांची पेन्सिल घेतली आणि पट्टी न लावता रेघ ओढली.

पाचला दहा मिनिटं असताना दोन्ही याद्या खिडकीतून आत गेल्या. बाईंनी एक चाळली, बाजूला ठेवली. दुसरी चाळली आणि मान वर केली.

"यात समासात सह्या नाहीत."

"आता यायच्या नाहीत त्या."

"मग मला घरोघर माणूस पाठवावा लागेल, नाना. एकट्याच्या रेघेवर मी वगळू शकत नाही."

"पाठवा. एखादं घर कुलूपबंद सापडेल, शेजारी विचारा म्हणावं."

बाईंनी दोन्ही याद्यांची पोच लिहून शिक्का मारला. नाना पायरीवर येतात तोच फोन वाजला. कचेरीतलं कोणीतरी बोललं असणार, अशा बातमीला पाय फुटतात.

"मामा, याद्या दिल्यात?"

"दिल्या."

"दोन्ही?"

"दोन्ही. तुझ्या आईचंही खोडलं."

पलीकडे खुर्च्या सरकल्याचे, कोणीतरी घोषणा म्हणून बघत असल्याचे आवाज येत होते. नानांना माफी मागावी असं वाटलं, पण कशाची मागायची ते ठरेना.

"उद्यापासून कार्यालयात येऊ नका, मामा," शेवटी तो म्हणाला. आवाज बसला होता, ओरडून ओरडून बसला असेल. फोन मात्र त्याने ठेवला नाही. "आणि आईचं... नीट खोडलंत ना?"

"एका रेघेत," नाना म्हणाले.

भाचा 'बरं' म्हणाला. मागे बाईंनी खिडकी लावून घेतली होती. लाल पेन्सिल आपल्याच खिशात राहिली, हे घराजवळ आल्यावर नानांच्या लक्षात आलं.