हाताची बरकत

विमा कंपनीच्या माणसानं चेपलेल्या बॉनेटच्या भेगेत बोट घातलं, बोटाला लागलेलं काळं रुमालाला पुसलं आणि नुसतीच मान हलवली. ती मान होय म्हणते की नाही, हे धाकटीला उमगेना. गाडी तिची, पडदे शिवताना सुईत दोऱ्याबरोबर डोळेही ओवून जमवलेल्या पैशांतून घेतलेली. ठोकली होती थोरल्या भावानं. वहिनीला इस्पितळातून आणायला निघाला, वळणावर कुत्रं आडवं आलं. कुत्रं वाचलं, भिंत आडवी आली.

"आत या साहेब, इथं भुसा उडतो," दादा म्हणाला. त्याच्या उजव्या मनगटाला प्लास्टर होतं. सुताराचा उजवा हात गळ्यात अडकवलेला, आणि रंधा कोपऱ्यात मुका.

आत वहिनी भिंतीला टेकून बसली होती. दाराशी खिळ्याला तिची इस्पितळाची पिशवी: एक शाल, पाण्याची बाटली. आठवड्यातून दोनदा रक्त धुऊन घ्यायला गावाच्या पार दुसऱ्या टोकाला जायचं. एकदा बसमध्ये उभ्या उभ्या कोसळली, तेव्हापासून धाकटीनं गाडीची किल्लीच दादाच्या हातात दिली होती. आता गॅरेजवाला म्हणत होता, विमा मिळाला तर बघू, नाहीतर भंगारात घाला.

"घाबरू नका बाई," तो माणूस कागद पसरत म्हणाला. "गाडी दुसऱ्याला दिली म्हणून विमा जात नाही. यांच्याकडे परवाना आहे, तुमची परवानगी होती. विमा गाडीचा असतो, हात कुणाचा का असेना."

धाकटीचा जीव भांड्यात पडला. वहिनीनंही किती दिवसांनी पाय मोकळे सोडले.

"एक आपलं विचारायचं म्हणून विचारतो. भावाला देत होतात म्हणजे अशीच ना? फुकट?"

त्या एका शब्दानं घात केला. दादाची मान ताठ झाली.

"फुकट? साहेब, मी थोरला आहे. धाकटीचं फुकट खाणाऱ्यातला नाही. दर महिन्याला पाकीट देतो. रोखठोक भाडं. विचारा तिला."

पेन थांबलं.

"दादा, अरे ते काही भाडं—"

"तू गप गं. मला चारचौघांत मिंधा करू नको."

"पॉलिसी घरच्या वापराची आहे," माणूस हळू आवाजात म्हणाला. "पैसे घेऊन दिली की गाडी भाड्याची झाली. मग कंपनी काही देत नाही."

"म्हणजे खरं बोललो त्याचा दंड?" दादा हसला, पण हसू ओठांतच अडकलं.

माणूस वाईट नव्हता. त्यानं धाकटीकडे पाहिलं. "तुम्ही सांगा बाई. पैसे ठेवून घेतलेत का? परतच केले असतील, तर भाडं कसलं?"

परत. एवढाच शब्द होता.

दादा पुढच्या दारी पाकीट द्यायचा. धाकटी 'पाणी पिऊन येते' म्हणत आत जायची आणि ते वहिनीच्या हाती ठेवायची. वहिनी ते डाळीच्या डब्यात दडवायची. काम नसलेले दिवस त्यातून निघायचे, उरल्यात थोडी भर पडून पुढच्या महिन्याचं पाकीटही त्यातूनच भरायचं. रहाटाच्या पोहऱ्यासारखं तेच ते वर यायचं, खाली जायचं. आणि दादा येईल त्याला सांगायचा, "हिच्या हाताला बरकत आहे बघा. काम असो-नसो, माझं घर कधी अडलं नाही." आताशा मिरवायला त्याच्याकडे तेवढंच उरलं होतं.

धाकटीनं तोंड उघडलं आणि वहिनीकडे पाहिलं.

वहिनीनं मांडीवरची बोटं किंचित उचलली. निजलेलं लेकरू जागं होऊ नये म्हणून येणाऱ्याला थोपवतात तशी. तिची नजर खिळ्यावरच्या पिशवीवर गेली. तिथून दादाच्या ताठ मानेवर आली, आणि तिथंच राहिली.

"ठेवून घेतले," धाकटी म्हणाली.

माणसानं लिहिलं, टोपण लावलं आणि चहा न घेताच उठला.

दादा त्याला दारापर्यंत सोडून आला. मग दादानं डाव्या हातानं, उलट्या बाजूनं चाचपत, खिशातून पाकीट काढलं.

"या महिन्याचं. गाडी बंद पडली म्हणून माझा शब्द बंद पडत नाही."

"बरं दादा," ती म्हणाली. "पाणी पिऊन येते."

स्वयंपाकघरात तिच्यामागून वहिनी आली, भिंतीला धरत धरत. येताना तिनं खिळ्यावरची पिशवी काढून आणली होती. ती फडताळाच्या तळाशी, जुन्या कपड्यांखाली सारली. मग पाकीट घेतलं, डाळीत खोचलं आणि डब्याचं झाकण तळहातानं दाबून लावलं. जराही आवाज झाला नाही.

"मिळालं का गं पाणी?" बाहेरून दादानं विचारलं.

"मिळालं," वहिनीच म्हणाली.