दुधात दात

कशेळ्याच्या बाजारपेठेत हर्षलाचा दातांचा दवाखाना होता, पण येणाऱ्याच्या तोंडी शब्द एकच: काढा. कीड लागलीय, काढा. हलतोय, काढा. "वाचेल हो," म्हटलं तर लोक तिलाच वेड्यात काढत.

त्या दुपारी शेजारच्या गावातून गोदूबाईंचा फोन आला. त्यांची नात समीक्षा, सहावीतली, अंगणात खो-खो खेळताना तोंडावर आपटली होती. पुढचा दात अख्खाच्या अख्खा बाहेर!

"मुळाला हात लावू नका. दात दुधात टाका नि लगेच निघा," हर्षला ओरडून म्हणाली. रेंजचा आधीच आनंदीआनंद, फोन मध्येच कटला. थोड्या वेळानं तो पुन्हा लागला, तशी तिनं विचारलं, "टाकला का दात?"

"टाकला की!"

"कशात?"

"कशात काय? कौलावर! तुमीच म्हनलात ना, दुधाचा दात, टाका! उंदराकडं नवा पन मागितला."

हर्षलानं कपाळावर हात मारला. "अहो आजी, दुधाचा दात नाही, दुधात दात! पक्का दात आहे तो, परत यायचा नाही. वाळायच्या आत उतरवा!"

पलीकडं एकच गिल्ला झाला. गोदूबाई घरच्या पोराला कौलावर पिटाळत होत्या. "मोरू, चढ रं वर! आरं मेल्या, तिकडं नाय, पन्हळीत बघ!" मग मोरूची आरोळी, "गावला!" आणि फोन कट.

गोदूबाईंची जीप येईपर्यंत हर्षलाच्या जिवात जीव नव्हता. असा निखळलेला दात तिनं कॉलेजात प्लॅस्टरच्या जबड्यात बसवला होता, जित्याजागत्या पोरीच्या तोंडात कधीच नाही. कर्जतला पाठवावं का? पण दात कुणासाठी थांबतो होय! तिनं भुलीचं इंजेक्शन, सलाइन, बारीक तार सगळं मांडून ठेवलं. मग ते पुन्हा पुन्हा मोजून पाहिलं.

गोदूबाई आल्या त्या तांब्याभर दूध घेऊन, दात तळाशी. समीक्षा रडत नव्हती. तोंडावर रुमाल दाबून एवढंच म्हणाली, "डॉक्टर, मी आता कदी हसायचंच नाय का?"

हर्षलानं कर्जतचा विचार सोडला नि हातमोजे चढवले. तिनं दात पांढऱ्या बाजूनं उचलला, सलाइननं धुतला, खळगीत हळूच दाबून बसवला नि शेजारच्या दातांना तारेनं बांधला.

"रुजंल ना?" गोदूबाईंनी विचारलं.

"बघू या, आजी. तोवर मऊ भात, नि दातानं काही तोडायचं नाही."

पंधरवड्यानं तार निघाली. हर्षलानं श्वास रोखून दाताला बोट लावलं. मुळाचं काम, म्हणजे रूट कॅनल, अजून बाकी होतं, पण दात ठाम बसला होता. तिला तर नाचावंसं वाटलं.

समीक्षा आरशापुढं उभी राहिली. पंधरा दिवसांच्या सवयीनं हात तोंडावरच होता. गोदूबाईंनी तो खाली ओढला.

"आता कशाला झाकतीस गं? काढ दात!"

'काढ' ऐकून हर्षला दचकलीच. मग पोरीचे सगळे दात दिसले, तशी तीही हसत सुटली.