तिसरा पगाराचा कागद

इंग्लंडमधल्या ग्रिम्सबीच्या मोफत कायदा सल्ला केंद्रात ब्रॅम्लीबाई दर मंगळवारी बसत. चाळीस वर्षं शाळेत शिकवून निवृत्त झाल्यावर हे काम त्यांनी आवडीने घेतलं होतं. अर्जाचे कागद तपासायचे आणि पुरे असतील तर वकिलाकडे पाठवायचे. अर्धवट गृहपाठ त्यांनी कधी चालवून घेतला नव्हता, तसाच अर्धवट अर्जही घेत नसत.

कॉरिन पेल आली तेव्हाही तेच झालं. ती मासळीच्या कारखान्यात कामाला होती, एके काळची त्यांचीच विद्यार्थिनी. घरमालकाने घर रिकामं करून मागितलं होतं आणि कोर्टाची तारीख अकरा दिवसांवर होती. सरकारी खर्चाने वकील हवा तर तीन महिन्यांचे पगाराचे कागद लागत. तिच्याकडे दोनच होते. बाईंनी तिला तिसरा आणायला परत पाठवलं. तिने शाळेतल्यासारखी मान हलवली.

एक गोष्ट मात्र बाई सांगायला विसरल्या. तारखेच्या दिवशी कोर्टातच एक वकील बसलेला असतो. जो येईल त्याची बाजू तो फुकट मांडतो, पगाराचा कागद न बघता.

कारखान्याने तिसरा कागद दिलाच नाही. आता वकील मिळणार नाही असं धरून कॉरिन कोर्टात गेली नाही. तिच्या गैरहजेरीत निकाल लागला, दोन आठवड्यांत घर सोडा.

केंद्रातले वकील टिंडल यांनी हे सांगितलं तेव्हा कोर्टातल्या वकिलाबद्दल आपण सांगितलंच नव्हतं, हे बाईंच्या लक्षात आलं. मालकाच्या नोटिशीत खोट होती, फेरसुनावणी मागता येणार होती. पण कॉरिन तारखेला का आली नाही, याचं कारण कोर्टाला द्यायला हवं होतं.

"कारण मी आहे," बाई म्हणाल्या. "तसं लिहून देते."

टिंडलनी बजावलं की मग केंद्र त्यांना तिथे ठेवणार नाही. बाईंनी तरी लिहून दिलं, आणि संध्याकाळी कॉरिनच्या घरी जाऊन सगळं सांगितलं. दारात खोकी भरून ठेवली होती.

"तुम्ही पण चुकता होय, बाई?" कॉरिन हसली, मग तिला रडू फुटलं. "मला वाटलं, मीच पुन्हा नापास झाले."

बाईंना खाली बघावं लागलं.

पुढच्या आठवड्यात न्यायाधीशांनी बाईंना दोन प्रश्न विचारले, जुना निकाल रद्द केला आणि नवी तारीख दिली. बाहेर आल्यावर कॉरिनने कोटाची बटणं लावली.

"घर राहिलं तरी माझा राग जायचा नाही, बाई."

"नको जाऊ देऊस," बाई म्हणाल्या. "नव्या तारखेला मी तुझ्याबरोबर येते."

कॉरिनने थोडा विचार केला आणि साडेनऊला यायला सांगितलं.