रक्तातली जुनी कात्री

मी एक जुनी कात्री आहे, मित्रांनो, पण लोखंडाची नव्हे. मी एक विकर आहे, म्हणजे शरीरात कापाकापी करणारं प्रथिन. नंदुरबार जिल्ह्यातल्या कळसाडीच्या रतिलालभाईंच्या रक्तामांसात माझा मुक्काम आहे. माझा एकटीचा जन्म चार दिवसांचा, पण घराणं कोट्यवधी वर्षांचं, आणि घराण्याची आठवण ती माझीच.

फार पूर्वी कुठल्याशा जिवात आमच्या मूळ आजीचा आराखडा, म्हणजे जनुक, चुकून दोनदा उतरवला गेला, पुढे आणखी एकदा. त्या चुकांतून आम्ही तिघी बहिणी झालो. उंदरांच्या कुळात एक बहीण वाटेतच हरवली. माणसात तिघीही टिकलो. रोगांच्या प्रत्येक साथीने आमची धार पारखली आहे.

माझं पहिलं काम क्रूर आहे. पेशीत विषाणू शिरला की त्याचे तुकडे मी नेमक्या मापाचे कापते. ते पेशीच्या दाराशी टांगले जातात. पांढऱ्या पेशी ते पाहतात आणि त्या घराचा मुडदा पाडतात. दोन वर्षांपूर्वी भाईंना ताप आला, तेव्हा आम्ही फुफ्फुसातली हजारो घरं अशी पकडून दिली. सरसकट कत्तल झाली. भाई वाचले, कौतुक डॉक्टरांचं झालं. मला ते लागलं, खोटं कशाला बोलू?

दुसरं काम रक्तदाबाचं. अँजिओटेन्सिन नावाचा दांडगट रक्तवाहिन्या करकचून आवळतो, मग रक्त भिंतींवर धडका मारतं. आमच्यातल्या काही जणी पेशीबाहेर पडून त्याचे तुकडे पाडतात. पण तो उदंड, आम्ही थोड्या. म्हणून डॉक्टरांनी भाईंना रोज सकाळी एक गोळी घ्यायला सांगितली होती.

मग नंदुरबारला मिरचीचा मोसम आला. गावाबाहेरच्या पथारीवर, म्हणजे मिरची वाळवायच्या मोकळ्या मैदानावर, मिरचीचे व्यापारी असलेले भाई स्वतः पहाटेपासून माल पालटू लागले. गोळी खिशातच राहायची.

"शेट, गोई लिधी का?" मिरची निवडणारी धनुबाई रोज विचारायची.

"हात मिरचीना शे, तोंडले कसा लाऊ? संध्याकायले आंग धुईसन लिसू."

संध्याकाळी अंग धुऊन होई, गोळी मात्र विसरली जाई. अकरा दिवस असेच गेले. भाईंचं डोकं ठणकू लागलं, डोळे लालबुंद झाले, एकदा नाकातून रक्तही आलं.

"काही नही, मिरची लागनी," भाई म्हणाले. पथारीवर सगळ्यांचेच डोळे लाल असतात, त्यामुळे कोणाला शंका आली नाही.

आत आम्ही जिवाच्या आकांताने त्या दांडगटाला कापत होतो. बाराव्या दिवशी, भर दुपारी, मेंदूच्या डाव्या बाजूची एक बारीक रक्तवाहिनी फुटली. रक्त सुसाट आत घुसलं. शेजारच्या पेशी त्याखाली चिरडल्या, गुदमरल्या, आणि त्यांच्यातल्या माझ्या बहिणीही संपल्या. तिथे पकडून द्यायला शत्रूच नव्हता. आमचंच रक्त आम्हाला मारत होतं.

भाईंच्या उजव्या हातातून खोरं पडलं.

"मिरची लागनी व्हई," कोणीतरी म्हणालं.

धनुबाईने त्यांचा चेहरा आपल्याकडे वळवला. "मिरची काय एकच बाजूले लागस का? शेटनं तोंड वाकडं व्हयनं! रिक्षा बलावा!" ती किंचाळली.

तिच्यामुळे भाई दवाखान्यात वेळेवर पोचले. ते जगले.

आज त्यांची मुलगी भूमिका खाटेशी बसली आहे. "पप्पा, मी कोन शे? सांगा ना," ती पुन्हा पुन्हा विचारते. भाई तिला ओळखतात, मित्रांनो. तिचा आवाज ऐकताच त्यांचं काळीज कसं धडधडतं, ते मी आतून पाहते. पण जिथून तिचं नाव ओठांवर यायचं, तिथल्या पेशी मेल्या आहेत, आणि मेलेलं जोडायची विद्या आमच्या घराण्यात नाही. मला फक्त कापता येतं.

तुमच्या घरीही कोणाची रोजची गोळी असेल. त्यांचे हात कामात असतील, तर ती तुम्ही स्वतः त्यांच्या तोंडात घाला. तुमचं नाव त्यांच्या तोंडून ऐकू येतं आहे, तोवरच घाला.